एका हाकेचा पिच्चर

नानांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि नाना काढायचे ते भुताचेच पिच्चर. मूळचे पिंपळनेरचे, धुळ्यात आमच्या घराखाली त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. लग्नसराई संपली की मोबाइलवर अहिराणीत भुताचा पिच्चर काढायचा आणि यूट्यूबवर टाकायचा. अंधार पडायला लागला की मोरीकडे जातानासुद्धा ते मला सोबत न्यायचे. हिरोचं काम करणारा रेशन दुकानदार हसायचा, "नाना, भूत तुम्हीच लिहिलं ना? मग त्याला काय भ्यायचं?"

"लिखेल मन्हं शे, पन ते आयकस का मन्हं?"

ही भीतीच त्यांची फूटपट्टी. शॉट संपला की मान हलवायचे. "माले भ्याव नही वाटना. परत."

भूत मात्र त्यांनी कधी दाखवलं नाही. "भूत दखाडं का खर्चा वाढस, आन् भ्याव कमी व्हस," म्हणायचे. गव्हाच्या कोठीवर मोबाइल ठेवायचा आणि नुसतं घर टिपायचं. अर्धवट लोटलेलं दार, खुंटीवरचा सदरा. बराच वेळ काही घडत नाही, आणि पाहणाराच त्या दारात कुणाला तरी शोधू लागतो. मोठ्या सिनेमातलं भूत कुठल्या तरी बंगल्यात असतं. नानांचं आमच्यासारख्याच घरात यायचं. मी शाळेतला मास्तर, यांच्यामागे माईक धरत का फिरतो, हे बायकोला कळत नसे. मला कळत होतं. माझ्याही दारात कुणीतरी उभं होतं. बोललो नव्हतो, एवढंच.

एक पिच्चर माझ्या गावी सावद्याला, आमच्या केळीच्या बागेत ठरला. गोष्ट एवढीशी: तिन्हीसांजेला बागेतून एक हाक येते, घरातला मुलगा ओ देत नाही, संपलं. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, अशा वेळी पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील. भूत एकदाच मारतं.

तालीम सुरू झाली. बागेच्या कडेला उभं राहून नानांनी हाक मारली आणि मी कानांवरचे हेडफोन काढून बागेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसलो. नाना शेजारी येऊन बसले. त्यांना सांगितलं. याच बागेत, अशाच वेळी, माझ्या वडिलांनी, आबांनी, मला हाक मारली होती. एकदाच. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिलो. कंदील घेऊन गेलो तेव्हा आबा पाण्याच्या पाटाशी पडलेले होते. सगळ्यांना मी सांगत आलो, मला काही ऐकू आलं नाही.

नानांनी समजूत घातली नाही. फक्त विचारलं, "आबा तुले काय म्हनेत?"

"बापू."

ते उठले. "आपला पिच्चरमा पोऱ्या ओ देई. आवाज तुना."

"नाना, पहिल्याच हाकेला ओ?" दुकानदार म्हणाला. "लोकं येड्यात काढतील!"

"काढू दे."

आणि तो माणूस बॅटरी न घेता एकटा केळीत शिरला. पार आतून हाक आली, "बापूऽऽ!"

"ओ आबा! आलो, आलो!" मी माईकमध्ये ओरडलो.

नाना बाहेर आले ते घामाने चिंब. पाणी प्यायले आणि म्हणाले, "माले भ्याव वाटना. व्हई गया शॉट."

पिच्चरखाली लोकांनी टिंगल केलीच. आबा गेल्यापासून आई बागेतलं घर सोडून सावदा गावात राहते; बागेत तिने पाय ठेवलेला नाही. मी तिच्याकडे गेलो असताना तिने मोबाइलवर तो पिच्चर पाहिला आणि विचारलं, "हा आवाज तुझा का रे?" हो म्हटलं, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

आईने निवडत असलेल्या तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "मलेबी ऐकू आली होती ती हाक," ती म्हणाली. "मीबी दुसरीची वाट पाहत होते."

नाना तेव्हा मुलीकडे सुरतेला गेले होते. मी फोन करून सांगितलं. ते लगेच म्हणाले, "तुन्ही मायले फोन दे." आई फोन घेऊन ओट्यावर गेली. दोघं खूप वेळ बोलले. मधे एकदा ती हसलेली ऐकू आली. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

काही महिन्यांनी सुरतेहून नाना गेल्याचा निरोप आला. त्या दिवशी आईने घरात चूल पेटवू दिली नाही. नानांना तिने कधी पाहिलंही नव्हतं.