फोनात बघितलेलं धरतंय का?

मला सगळे 'बाई' म्हणतात. शाळेत मुलं म्हणतात, गावात त्यांच्या आया म्हणतात. त्यातल्या कितीतरी आया माझ्याच हाताखाली पहिली-दुसरी शिकून गेल्या आहेत. इतक्या वर्षांत या शब्दात काही उणं आहे असं मला वाटलं नव्हतं. मग कन्नड शिकवायला ती आली आणि बघता बघता अख्खं गाव तिला 'अक्का' म्हणायला लागलं. अक्का म्हणजे थोरली बहीण. माझ्या मुलीच्या वयाची पोर, आणि गावाची थोरली बहीण झाली! मी जळले. तेव्हापासून जळतेच आहे, पण फ्लूच्या साथीत जेवढी जळले तेवढी आधी कधी नाही.

आमचं गाव कर्नाटकात, बसवकल्याण तालुक्यात, मुडबीच्या अलीकडे. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, पण कन्नड शिकावंच लागतं. त्या विषयाच्या आधीच्या शिक्षिका सकाळच्या बसने यायच्या, दुपारच्या बसने जायच्या आणि एक दिवस बदली होऊन कायमच्या जायच्या. गावाला त्यांचे चेहरेही आठवत नाहीत. ही मात्र अफजलपूरकडची, भीमेकाठची. हिनं गावातच खोली घेतली. मराठी तिला यायचं, पण भरलेली कळशी उचलून धावत आल्यासारखं, निम्मं वाटेत सांडलेलं. बाया तिच्या बोलण्याला हसायच्या आणि हसता हसता तिला ओट्यावर बसवून घ्यायच्या. माझ्या बोलण्याला कुणी कधी हसलं नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

साथ दुसरीच्या वर्गातून सुरू झाली, म्हणजे माझ्याच. दिवाळीची सुट्टी संपली, थंडी पडली, आणि रोज एखादं मूल कमी दिसायला लागलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर शाळेत आले. म्हणाले, साधा फ्लू आहे, घाबरू नका, पण म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं जपा. ताप आहे तोवर मुलाला शाळेत पाठवू नका आणि आजाऱ्याच्या घरी गर्दी करू नका, एवढं पालकांपर्यंत पोचवा. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. फोनवर पालकांचा एक ग्रुप आहे, त्यावर लिहायचं काम मला दिलं. "बाई, तुमची भाषा चांगली," म्हणाले. मी आतून फुलले.

"सर्व पालकांना कळविण्यात येते की," अशी मी सुरुवात केली. एकही मात्रा चुकली नाही. खाली जोडलेल्या हातांची चित्रं आली, ओळीने. ते हात बघून मला फार बरं वाटलं.

पण गावात भलतंच उठलं. कुणी म्हणे, जुना कोरोनाच परत आलाय. कुणी म्हणे, शाळेच्या टाकीतलं पाणी खराब आहे. हेडमास्तर म्हणाले, "रोज कोण कोण आजारी आहे ते स्पष्ट लिहा, म्हणजे अफवा थांबतील." मी लिहायला लागले. रोज संध्याकाळी, वर्गानुसार, आजारी मुलांची नावं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. कुणी आजारी पडलं की बघायला जायचं. ब्रेड नाहीतर बिस्किटाचा पुडा घेऊन जायचं, उशाशी बसायचं, कपाळाला हात लावायचा, काय खाल्लं विचारायचं, घरच्यांनी ते सगळं नीट सांगायचं. न गेलेलं माणूस लक्षात राहतं. "आमच्या लेकराच्या दुखण्यात ती आली न्हवती" हे वाक्य त्या लेकराच्या लग्नातसुद्धा निघतं. तर माझी संध्याकाळची सूचना गावाला बोलावण्यासारखी झाली. बाया नावं वाचायच्या, पदर सारखा करायच्या, धाकटं पोर काखेला मारायच्या आणि निघायच्या. स्टँडजवळच्या दुकानातला ब्रेड संपला.

एक दिवस माझी जुनी विद्यार्थिनी वाटेत भेटली. तिची मुलगी आता माझ्याच दुसरीत आहे. सासरच्या आधीच्या पिढीत मेंढरं होती, आता नवरा-बायको दोघंही मजुरीला जातात. पोरगी अभ्यासात मागे पडू नये म्हणून ही आठवड्यातून एकदा तरी माझ्या दारात येऊन जायची. त्या दिवशी तिच्या काखेत तान्हं होतं, हातात पुडा.

"कुठं निघालीस गं?"

"ते काय बाई, तुमीच तर नाव टाकलाव. बघाया जायलेय."

"अगं, जाऊ नका म्हणून लिहिलंय ना वर!"

"वाचलं की. हात जोडलेले बी धाडले." आणि गेली. पाठोपाठ तिची मुलगीही तापाने आडवी झाली. मग मी ग्रुपवर लिहिलं, "आजारी विद्यार्थ्यांच्या घरी भेटी देणे कटाक्षाने टाळावे." पुन्हा हात जोडलेले आले. लोक मला हात जोडायचे आणि भेटीला निघायचे.

मग एके दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, अक्का लिंबाखाली बसली, फोन तोंडाजवळ धरला आणि ग्रुपवर बोलली. मी वर्गाच्या दारातून बघत होते. लिहायचं नाही, हेडमास्तरांना विचारायचं नाही, सरळ बोलायचं!

"अक्का बोलायली. ऊटा आयता समद्याचं?" जेवलात का, असं ती कन्नडमध्ये सगळ्यांना विचारते, बायांना ते फार आवडतं. "मला एक सांगा. लेकराला ताप आला तर बघाया जायाच पायजे, खरं हाय. पर माझी माय तिकडं भीमेकाठी, मी हितं. ती आजारी पडली तर मी फोनात इचारते. ते बघितलेलं धरतंय का न्हाई? तुमच्या गावात कसं हाय, मला ठाव न्हाई."

मग गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीचा आवाज आला. नातवाने फोन तिच्या तोंडाशी धरला असावा. "धरतंय की गं माय. कामून धरत न्हाई? फोनात बघितलेलंबी धरतंय."

झालं. आजीनं म्हटलं म्हणजे गावानं म्हटलं. त्या दुपारपासून ग्रुप आवाजांनी भरून गेला. "कसं हाय लेकरू? काय खाल्लं का? दिस्ट काढलाव का?" आणि आजाऱ्याच्या घरून उत्तर, "उतरायलाय ताप, पेज पिलंय." बिस्किटाचे पुडे मूल बरं होऊन शाळेत आल्यावर द्यायचे, असंही बायांनीच ठरवून टाकलं. संध्याकाळचं येणंजाणं थांबलं. अक्का मधून मधून डॉक्टरांचं म्हणणंही घालायची, नाक पुसलेला पदर लेकराच्या तोंडाला लावू नका, ताप उतरला तरी लगेच धाडू नका. सगळ्या ऐकायच्या.

मला हे सुचायला हवं होतं. मी इथली आहे. बसवकल्याण माझं माहेर, हे गाव माझं सासर, बघायला जाण्याची रीत मी पाळत आले, न आलेल्यांवर मीसुद्धा रुसले. आणि भीमेकाठची ही कालची पोर गावाला विचारते, आणि गाव तिला उत्तर देतं! मी गावाला कधी काही विचारलं नव्हतं. मी कळवत होते.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, आता तुम्ही राहू द्या. अक्काच बोलेल." ते 'राहू द्या' माझ्या कानात रुतून बसलं.

घरी मी तिचे आवाज पुन्हा पुन्हा लावायचे. नवरा म्हणायचा, "परत तीच लावलीस?" मी म्हणायचे, चुका बघते आहे. चुका ढीगभर होत्या. एकदा मी स्वयंपाकघराचं दार लावून स्वतः बोलून बघितलं. तोंडातून "सर्व पालकांना कळविण्यात येते" एवढंच बाहेर पडलं. ते पुसून टाकलं आणि कुकर लावला.

सगळ्यांत जास्त लागलं ते माझ्या त्या विद्यार्थिनीचं. अक्काच्या प्रत्येक बोलण्याखाली हिचा आवाज पहिला. "व्हय अक्का." "बरं अक्का." मी जिचा हात हातात धरून 'अ' काढायला शिकवला, ती! आठवड्याला माझ्या दारात येणंही तिनं बंद केलं होतं. साथ आहे म्हणून केलं असेल, हे कळत होतं. कळून काय उपयोग? मला भीती वाटत होती ती साधी होती. बसने येऊन बसने गेलेल्या त्या बायांसारखी एक दिवस मीही गावाला आठवणार नाही. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, मुलगी लांब, गावातली माझी जागा एवढंच तर माझं म्हणावं असं होतं. तीही हिला द्यायची का?

मग मी आजारी पडले. अंग असं दुखायचं की कूस बदलताना रडू यायचं. फोन उशाशी होता. पहिला आवाज अक्काचा. "आमच्या बाईला ताप आलाय. समद्यांनी फोनात बघा, घरी जाऊ नका." त्यानंतर भराभर आले. "बाई, कशा हाव? काय खाल्लाव?" सगळे मी ऐकले आणि एकाचाही आनंद झाला नाही. ती बोलली म्हणून आले, की आपणहून आले? तिच्या आधी एखादा तरी यायला हवा होता. आणि माझ्या विद्यार्थिनीचा आवाज नव्हताच. तापापेक्षा जास्त वेळा मी तेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा शेताकडे गेला होता. जाळीच्या दाराशी कुणीतरी कडी वाजवली. उठून गेले तर तीच. काखेत तान्हं, हातात स्टीलचा डबा.

"पेज आणलेय बाई. दार उघडा."

"तुला फोनात विचारायला काय झालं होतं?"

"ते लोकास्नी," ती म्हणाली. "तुमास्नी फोनात कसं इचारावं? तुमी काय परक्या हाव का?"

दाराच्या जाळीला धरून मी उभी होते. तिच्या लाडक्या अक्कानं सांगितलेलं मोडून ती आली होती, माझ्यासाठी. एवढ्या दिवसांची आग एका वाक्यात विझली. मला दार उघडायचं होतं, तिला आत घेऊन उशाशी बसवायचं होतं, कपाळाला तिचा हात हवा होता. तेवढ्यात तान्ह्यानं जाळीतून हात घातला आणि माझी बोटं धरली.

"माघारी जा!" मी ओरडले. "अक्कल आहे का तुला? लेकरू घेऊन आलीस! जा म्हणते ना!" आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं.

बघायला आलेल्या माणसाला दारातून हाकलणं आमच्याकडे कुणी करत नाही. आतून कानोसा घेतला. डबा पायरीवर ठेवल्याचा आवाज आला, मग चपलांचा. मी खाली बसले आणि खूप रडले. जे हवं होतं ते दारात आलं होतं आणि मीच ते घालवलं होतं. मग फोनवर तिचा एकटीचा नंबर काढला आणि विचार करायच्या आत बोलून गेले, "लेकरू हुतं म्हणून हाकललं गं. राग धरू नको. हात धू त्याचं, साबण लाव."

थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "धुतलं बाई. राग कामून धरू? शाळेतल्यावानी वरडलाव, बरं वाटलं. पेज गरम हाय तवर पिऊन घ्या."

पेज मी प्यायले. मीठ कमी होतं.

मी बरी होऊन शाळेत गेले तेव्हा अक्का आजारी होती. तिच्या खोलीत एकटीच. तिच्यासाठीही गावानं फोनात विचारलं, आणि ती परत आली तेव्हा साथ जवळजवळ ओसरली होती. शिक्षकांच्या खोलीत आमच्या दोघींच्या टेबलांवर मुलांनी आणलेल्या बिस्किटांचे ढीग होते. कुणाचा मोठा ते मी आधीच बघून ठेवलं होतं. तिचा.

सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली. वाळली होती. "बाई, ती तुमच्या घराला आली हुती म्हणे. डबा घेऊन."

मी याच घडीची वाट बघत होते. काय बोलायचं ते मनात पाठ होतं.

"माझ्या खोलीला कुणी न्हाई आलं," ती म्हणाली. "समद्यांनी फोनात बघितलं. चांगलं केलं. मीच सांगितलं हुतं की." आणि ती आपल्या टेबलावरचे पुडे उगाच सरळ लावायला लागली. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. साथभर वेणी घालताना आरशात मी तोच बघत होते. ती माझ्यावर जळत होती.

मला आनंद झाला. झाला म्हणजे झाला, खोटं कशाला बोलू? आणि तोंडातून निघालं ते खोटंच. "बघायला कुठली? विरजण मागायला आली होती."

"विरजणाला? डबा घेऊन?"

"मग काय ओंजळीत नेणार?"

ती हसली. तिला पटलं की नाही कोण जाणे. एक पुडा फोडून तिनं माझ्यापुढे सरकवला. इतक्या दिवसांत एकदा माझी सरशी झाली होती आणि ती मी विरजणात घालवली. त्याची हळहळ अजून वाटते.

त्याच संध्याकाळी माझ्या ढिगातला एक पुडा घेतला आणि तिच्या खोलीकडे निघाले. वाटेत माझी विद्यार्थिनी दिसली, तिच्याही हातात काहीतरी होतं, आणि तोंड त्याच दिशेला. मी पाय उचलले. अक्काच्या दुखण्यात तिच्या दाराला पहिलं कोण गेलं, असं पुढे कधी निघालं, तर माझं नाव निघायला हवं होतं.