ओटीतले चार दाणे

पेणजवळच्या जिते गावात आमच्या घरासमोर रिक्षा उभी होती आणि आई उंबऱ्याच्या आत माझी ओटी भरत होती. नवरा आधीच मेलबर्नला गेलेला, आता माझी पाळी. धान्य मोजताना म्हणायची तसंच तिने पहिल्या पशाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हटलं. मग दोन, तीन.

मी म्हटलं, “आई, तिथे विमानतळावर तांदूळ काढून घेतात.”

ती थबकली. “मंग चार दाणे हितंच चावून जा गो. पोटातलं कोन काढून घेतंय?”

मी चावले. आमच्याकडे माहेरवाशीण ओटीतले चार दाणे तांदळाच्या डब्यात माघारी टाकते, घर रिकामं होऊ नये म्हणून. मला सगळेच टाकावे लागले. आईचं तोंड एवढंसं झालं.

तिकडे मी नव्याने आलेल्या बायकांना इंग्रजी शिकवू लागले. कुठे मेनी, कुठे मच. उदाहरणाला दरवेळी राईस आणि सॉल्ट. ही मोजायची नामं नव्हेत, मोजायचीच तर पुढे कप लावा, पिशवी लावा, नाहीतर ग्रेन म्हणा. जन्मभर मिठागरात राबलेल्या बाईची लेक हे फळ्यावर लिहिते, याचं मला हसू यायचं आणि घरी आल्यावर रडू. कुकर लावताना पहिल्या कपाला मी अजून ‘लाभ’च म्हणते. फोनवर आईचा प्रश्न ठरलेला, “भात जेवलीस काय गो?” मी कधी जेवलेली नसले तरी हो म्हणायची.

ती गेली तेव्हा मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पेणला, रोह्याला राहिलेल्यांनो, तुम्ही निदान खांदा द्यायला पोचता. आम्ही दूरदेशी गेलेले नुसतं कुलूप लावायला येतो.

निघताना डबा उघडला. तळाला थोडे तांदूळ होते. ओटी भरणारं कोणी नव्हतं, म्हणून मीच मूठभर पदरात घेतले, चार दाणे चावले आणि बाकीचे माघारी टाकले.

शेजारची काकी दारातून बघत होती. “आता घरात कोन हाय गो? कोनासाठी टाकतेस?”

आईचं घर रिकामं करून जायला हात धजत नव्हता, एवढंच. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि किल्ली काकीच्या हातात दिली.