आमच्यात हार्टचं काय न्हाई

आमच्या व्हॅनमध्ये रक्ताच्या नळ्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. एका ट्रस्टच्या देणग्यांवर आमचं संशोधन चालतं. सातारा-सांगलीकडच्या गावांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार नेमके कुठून सुरू होतात, ते शोधायचं. डॉक्टर मॅडम तपासतात, सलीम ईसीजी काढतो, मी प्रश्न विचारते आणि म्हाताऱ्यांशी भांडते. हसतो खूप. पण हसून झालं की मला घरचे आप्पा, माझे वडील, आठवतात. फौजेतले रिटायर्ड हवालदार. हल्ली शेताचा बांध चढताना छातीवर हात ठेवून थांबतात. विचारलं की एकच उत्तर, "वात हाय. आमच्यात हार्टचं काय न्हाई!"

*

तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी, अण्णा. बीपी इतकं की मॅडमनी पुन्हा मोजलं. अण्णा निवांत. "मशीन चुकतंय तुमचं. आमच्या वजनकाट्यागत जरा सेट करून घ्या की!"

मी म्हटलं, "अण्णा, काटा सेट केला म्हणून बेदाणा वाढतो का?"

शेडमधले सगळे हसले. अण्णांनी गोळ्या काही घेतल्या नाहीत. पुढच्या फेरीला गेलो तर गादीवर मुलगा. अण्णा आत पडून, अर्धं अंग लुळं, तोंड वाकडं. बोलणं फक्त मुलालाच कळायचं. आमच्या मशीनकडे बोट दाखवून ते काहीतरी पुटपुटले.

मुलगा म्हणाला, "मशीन बरोबर हाय, म्हणत्यात."

*

एका घरात समोर बसलेली सून, उत्तरं मात्र सासूबाईंची.

"दम लागतो का?"

"न्हाई! तरणीताठी पोरगी, तिला कसला दम!"

"छातीत धडधडतं?"

"न्हाई, न्हाई!"

"आजी, छाती तुमची आहे की तिची?" मी भडकलेच. सून पदराआड हसली आणि हसता हसताच धापा टाकायला लागली. मॅडमनी स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ काढेनात. मागून सासूबाई चालूच, "काय न्हाई वो, कामाचा कंटाळा हाय नुसता..."

"आजी, गप्प बसा," मॅडम हळूच म्हणाल्या. "तिच्या हृदयाची झडप गळतेय. तेच ऐकतेय मी."

*

सलीमचे अब्बा कराडला असतात. बीपीची गोळी अर्धी स्वतः खातात, अर्धी अम्मीला देतात. अम्मीला बीपी नाहीच! "जन्मभर एका ताटात जेवलो, गोळी एकट्यानं कशी खाऊ?"

डबा खाताना सलीमनं हे सांगितलं, आम्ही पोट धरून हसलो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर 'घर'. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"येताना कोथिंबीर आण," अम्मी म्हणत होती.

*

मग व्हॅन आमच्याच गावात आली. आप्पा यायला तयार नाहीत. "आजारी हायत त्यास्नी तपासा!" मी देवळासमोर, सगळ्या भावकीदेखत ओरडले, "फौजेत गोळ्यांना भ्याला नाहीत, आणि चार वायरींना भिता?" आता इज्जतीचा प्रश्न! आप्पा ताडताड चालत व्हॅनमध्ये शिरले.

आडवे झाले तेही ताठ. मुठी वळलेल्या, टाचा जुळलेल्या, नजर छताला. अंग इतकं आवळलेलं की ईसीजीच्या कागदावर रेघ कुठली, नुसतं गवत!

"काका, अंग सैल सोडा," सलीम म्हणाला.

"सोडलंय की!"

पुन्हा गवत. मी पडद्याबाहेर उभी होते. राहवेना. जोरात ओरडले, "हवालदार, विश्राम!"

आप्पांचं अंग एकदम सुटलं. रांगेत हशा उसळला. "लेक कॅप्टन निघाली की रं!"

रेघ स्वच्छ आली. सलीमही हसत होता, कागद बघून थांबला. मॅडमनी पट्टी उजेडात धरली, आप्पांना रक्त पातळ करणारी एक गोळी चघळायला दिली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "रांग राहू दे. गाडी कराडच्या हॉस्पिटलला घ्या. आत्ता."

मी आत शिरले. आप्पांच्या कपाळावर घाम. आता 'वात हाय' म्हणतील, वायरी उपटून घरी निघतील, असं वाटलं. भांडायच्या तयारीतच होते. पण ते उठले नाहीत. त्यांनी माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरलं.

"सावधान म्हन की गं," ते म्हणाले. "ऑर्डरबिगर हलायचं कसं?"