सासूबाईंचे बारा नमस्कार

साठ सालच्या सुमारास लग्न होऊन मी घाटंजीला आले. माहेरी वडिलांनी सूर्यनमस्कार शिकवले होते. नवी सून असं काही करताना दिसली तर काय म्हणतील, म्हणून पहाटे कापसाच्या खोलीत दार लोटून नमस्कार घालायची. एकदा दार उघडलं. समोर सासूबाई!

"काय करून राह्यली वं?"

मी भीत भीत सांगितलं. त्यांनी पदर खोचला. "मलेबी शिकव. कापूस वेचून वेचून कंबर धरली माही."

वाकणं त्यांना लवकर जमलं, पण सूर्याची बारा नावं काही जिभेवर बसेनात. 'ॐ मित्राय नमः'च्या पुढे गाडी सरकेना.

"मी नातवंडायची नावं घेतो. तेबी बाराच हायेत," त्या म्हणाल्या.

एकेका नातवंडाचं नाव घेत त्या वाकू लागल्या. बारावं नाव मोठ्या जाऊबाईंच्या धाकटीचं. हाक ऐकून ती खरंच दुडुदुडु धावत आली आणि वाकलेल्या आजीच्या पाठीवर चढली. आम्ही दोघी कापसात पडून पोट धरून हसलो. माझी सगळी भीती तिथेच गेली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही उघड्या अंगणात नमस्कार घालू लागलो.