किसन गुरुजींच्या गाडीची काच

शाळेतले किस्से मुलांचे असतात असं लोकांना उगाच वाटतं. मुलं बिचारी चार-पाच वर्षांत निघून जातात. मास्तर तिथंच राहतात, आणि साठत जातात ते त्यांचेच किस्से. जुन्नरहून रोज घाटघरच्या बाजूच्या शाळांवर जाणारे आम्ही तिघं होतो: किसन गुरुजी, विज्ञान शिकवणारे पोपट सर आणि मी. आमचे निम्मे किस्से एकट्या गुरुजींच्या मोटारसायकलच्या काचेचे आहेत. काच म्हणजे पुढचं विंडशील्ड. ते होतं प्लास्टिकचं, पण सगळे त्याला काच म्हणायचे आणि पुसायचेही काच समजूनच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला गुरुजींच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याला वारं लागता कामा नये. वहिनींनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, लगेच त्याचा कायदा केला. "काच बसवा, न्हाईतर गाडी बंद." रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. शाळेच्या वेळेला एसटी नव्हती, आणि दुसऱ्याच्या मागं बसून जाणं गुरुजींना मरणाहून वाईट. आपली गाडी आपण चालवतच रिटायर व्हायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता. त्यांनी काच बसवली.

*

पहिला महिना गुरुजी खूश होते. "ऊन म्हणून लागत नाय राव. सगळं कसं सावलीतलं दिसतंय."

मग एकदा पंक्चरवाल्यानं काचेच्या कोपऱ्यातला पापुद्रा नखानं ओढला, तर सबंध निळी फिल्म सोलून निघाली. कंपनीनं ती काढून टाकण्यासाठी लावलेली असते. पण गुरुजींच्या घरात टीव्हीचा रिमोट तीन वर्षं पिशवीतच होता. ते पंक्चरवाल्यावरच भडकले. "चांगली झाकलेली व्हती, उघडी पाडलीस." फिल्म त्यांनी घडी घालून डिकीत ठेवली.

*

वहिनींचं माहेर बोरी बुद्रुकचं. घासण्यापुसण्यात त्या कुणाला हार जायच्या नाहीत. दसऱ्याला आम्ही आमच्या गाड्या धुतल्या. वहिनींनी त्यांची घासली. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन आधी पातेली झाली, मग कळशी झाली, आणि त्याच हातानं काचही झाली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले तेव्हा काचेवर गोल गोल ओरखडे होते.

"कशी काय निघाली काच?" मी विचारलं.

"लखलखतीय," गुरुजी म्हणाले. "फकस्त समोरचं दिसत नाय."

*

आता हे प्रकरण विज्ञानाकडे गेलं. पोपट सर म्हणाले, "प्लास्टिकवर पेट्रोलच चालतं. दोघं एकाच खानदानातले." आम्ही माना डोलावल्या. विज्ञानाच्या माणसाशी वाद कोण घालणार?

सरांनी फडकं पेट्रोलमध्ये बुडवून काच दोन्ही बाजूंनी मन लावून पुसली. जरा वेळानं ती ताकासारखी पांढरी झाली. सर तिच्याकडे बघत राहिले.

"प्रयोग यशस्वी झाला," शेवटी म्हणाले. "निष्कर्ष तेवढा वेगळा निघाला."

*

माझ्याही हातून पुण्य घडायचं होतं. टूथपेस्टनं ओरखडे जातात असं मी कुठंतरी ऐकलं होतं. गुरुजींकडे पेस्ट नव्हती, लाल दंतमंजन होतं. दात घासले जातात तर काचही घासली जाईल, असा विचार करून मी अर्धा तास ते चोळलं. लाल भुकटी एकेका ओरखड्यात जाऊन बसली ती कायमची.

त्यानंतर गुरुजींना सकाळी साडेदहालाच घाटघरला संध्याकाळ झालेली दिसायची.

*

खरा उपाय नारायणगावच्या स्पेअरपार्टवाल्यानं सांगितला. काचेवर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवायचं, माती भिजली की मऊ सुती बनियननं अलगद पुसायचं.

"आणि लावायचं काय?" गुरुजींनी विचारलं.

"काय नाय. पाणी."

गुरुजी बाहेर येऊन म्हणाले, "याला यातलं काय कळत नाय." नवीन काच घ्या म्हटलं, तर म्हणाले, "ही फुटलीय का?"

*

पुढं पुढं गुरुजी काचेच्या बाजूनं मान बाहेर काढून गाडी चालवायला लागले. म्हणजे सगळं वारं नेमकं उजव्या डोळ्यात. इतके दिवस आम्ही हसत होतो, पण तेव्हा मला खरंच भीती वाटायला लागली. ते वहिनींच्या कानावर गेलं. मीच घातलं.

रविवारी सकाळी त्यांनी आम्हा दोघांना अंगणात साक्षीला उभं केलं. गुरुजींना गाडीवर बसवलं आणि किल्ली हातात घेऊन स्वतः दहा पावलं पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"मान भाईर काढायची न्हाई. आतनं बघून सांगा, काय दिसतंय?"

"तू."

"कशी दिसतीय?"

गुरुजींनी त्या लालसर-पांढऱ्या काचेतून डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"लग्नात व्हतीस तशी."

वहिनी लाजल्या. चक्क लाजल्या, पदर सारखा केला. पोपट सरांनी मला कोपरानं ढोसलं. गुरुजी सुटले, असं आम्हाला वाटलं.

वहिनींनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि माझ्याकडे वळल्या.

"सर, उद्यापास्नं ह्यांना तुमच्या मागं बसवा. तुमची पाठ लई रुंद हाय, वारं लागायचं न्हाई."