आईची अन्नपूर्णा

परवा तांब्या घासायला चिंच भिजत घातली आणि त्या आंबट वासासरशी मी थेट आमच्या एकोडीच्या घरात जाऊन पोचले.

बाबा येशूच्या मार्गाला लागले, तशी आईही लागली, अगदी मनापासून. देव्हारा रिकामा करायलाही तिची ना नव्हती. फक्त लग्नात आजीने तिच्याबरोबर दिलेली बोटभर पितळी अन्नपूर्णा तिने मुठीत धरली.

"तुमचा येशू मले पटला. पन हे माह्या मायनं देल्ली. इले राहू द्या."

"राहू दे. मी नाही हात लावत," बाबा म्हणाले.

एके दिवशी सकाळी आईने ती चिंचेने घासून कोनाड्यात ठेवली आणि धानाच्या रोवणीला गेली. संध्याकाळी आली तर कोनाडा मोकळा. खाली चिंचेची वाटी तशीच होती.

"तलावात सोडली," बाबा म्हणाले. "आता घरात एकच देव."

आई चिखलाच्या पायांनी दारातच उभी राहिली. "तुमी मले शब्द देल्ला होता. तुमच्या येशूले खोटं चालते काय?"



आईने येशूला सोडलं नाही. रोज रात्री जेवणाआधी आम्ही तिघं प्रार्थना म्हणायचो. 'आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की आई तेवढी गप्प व्हायची. तिला ती पाठ होत नाही, असं मला वाटायचं. म्हणून मी ती तिच्या कानात हळूच सांगायचे.