हॉल्वरसनच्या शेतातून जाणारी वाट

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत आमच्यापासून दोन घरं सोडून मृणालिनी खानझोडे राहते. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कुणाबद्दल तरी लिहा, असं माझ्या सुनेने, रुपालीने, तीनदा सांगितलं. मला लिहायची सवय नाही, जमेल असंही वाटत नाही. पण मागच्या नोव्हेंबरात मृणालिनीने जे केलं ते मी स्वतः पाहिलं आहे. तेवढंच सांगतो.

मृणालिनी नागपूरची, वय चौपन्न. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. सहा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, गिरीशने, एक जुनी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून धावणारी मोटरगाडी, घेतली. दोनदा चालवली आणि पाठ धरून बसला. तिसऱ्यांदा ती बसली. ती गाडी पुन्हा काही गिरीशच्या हाती आली नाही. मंडळातला नंदू तिला विचारायचा, "काय वहिनी, ही फटफटी डोंबिवलीला जाते का?" ती म्हणायची, "जाते की. तू फक्त बर्फ अंथर."

पुढे ती इथून तासाभरावरच्या एका स्नोमोबाइल क्लबात गेली आणि तिथलं कागदपत्रांचं काम तिच्याकडे आलं. बर्फावरच्या त्या वाटा सरकारच करत असेल, असं मला वाटायचं. तिने एकदा चहा पिताना समजावून सांगितलं. प्रत्येक स्नोमोबाइलची नोंदणी करावी लागते, तिची फी असते. शिवाय या गाड्या जे पेट्रोल जाळतात, त्यावरच्या कराचा ठरलेला वाटा बाजूला काढतात. तो सगळा पैसा वेगळा ठेवून क्लबांना अनुदान म्हणून देतात. क्लबचे लोक बिनपगारी राबतात, खुणा लावतात, बर्फ दाबून सपाट करणारं मोठं यंत्र फिरवतात. गाडी असलेल्यांनी पैसे भरायचे आणि वाट सगळ्यांसाठी खुली ठेवायची, असा हा व्यवहार. वाट मात्र जाते शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनींवरून. त्यांना त्याचा एक पैसाही मिळत नाही. ते दरवर्षी नुसती सही करून परवानगी देतात.

त्या सह्या गोळा करायला क्लबचे लोक दर शरदात घरोघरी जायचे. मृणालिनीला हे फार वेळखाऊ वाटलं. तिने ऑनलाइन फॉर्म केला, तेवीस जमीनमालकांना ईमेल पाठवली, आणि सही न करणाऱ्याला दर तीन दिवसांनी आपोआप आठवण जाईल अशी सोय केली. आठवड्याभरात बावीस सह्या आल्या. ती खूश होती. तेविसावे डेल हॉल्वरसन. त्यांना अकरा आठवणी गेल्या. बारावी जायच्या आधी त्यांचं हाताने लिहिलेलं पत्र काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात पोचलं: तीस वर्षं दिलेली परवानगी मी काढून घेत आहे.

त्यांचं शेत वाटेच्या बरोबर मधे. ते गेलं की एकतीस मैलांच्या वाटेचे दोन तुकडे. तुटलेल्या वाटेला अनुदान नाही, आणि अनुदान नाही तर यंत्र शेडमध्येच. पंधरा नोव्हेंबरपर्यंत सह्यांचे कागद काउंटीत पोचायला हवे होते. दहा दिवस उरले होते.

गिरीश ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या राज्यात, हर्नडनला, गेला होता. एकटीने जायचा तिला धीर होईना, म्हणून तिने मला विचारलं, "काका, याल का? काही बोलू नका, नुसते बसा." ते मला जमण्यासारखं होतं.

हॉल्वरसन ऐंशीच्या घरातले, उंच, माझ्याहूनही कमी बोलणारे. त्यांनी आत बोलावलं नाही, जाही म्हणाले नाहीत. तिने माफी मागितली. त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या क्लबला पैसे मिळतात. मला काय मिळतं?"

मला वाटलं, आता ती गावाचा फायदा वगैरे सांगेल. ती म्हणाली, "काहीच नाही. म्हणूनच मी स्वतः यायला हवं होतं."

ते टोपी घालून आम्हाला शेतात घेऊन गेले. त्यांचा चाऱ्यासाठी लावलेला लसूणघास मधेमधे मेलेला होता, लांब पट्टेच्या पट्टे. मागच्या फेब्रुवारीत काही गाड्या वाट सोडून आत घुसल्या होत्या आणि दाबलेल्या बर्फाखाली मुळं गोठून गेली होती. दरवर्षी घरी येणाऱ्या माणसाला ते हे सांगणार होते. माणूस आलाच नाही, ईमेल आली.

मृणालिनीने सगळं शेत चालून पाहिलं. वाट घासातून काढून बांधाच्या कडेने नेता येईल, आणि दर पन्नास फुटांवर खुणेची काठी रोवली तर कुणी आत घुसणार नाही, असं तिने सुचवलं. हॉल्वरसन म्हणाले, "आठवड्यात जमीन गोठेल. मग काठी शिरणार नाही. आधी काठ्या, मग सही."

गाडीत बसून तिने क्लबच्या अध्यक्षाला फोन लावला. काठ्या शेडमध्ये भरपूर होत्या, माणसं नव्हती. शनिवारपासून हरणांच्या शिकारीचा हंगाम, सगळा क्लब बंदुका घेऊन जंगलात. मिनेसोटात त्या दिवसांत लग्नसुद्धा कुणी ठेवत नाही.

फोन ठेवून ती म्हणाली, "काका, आपल्यात शिकार कोण करतं?"

मी म्हणालो, "झुरळंसुद्धा कुणी मारत नाही."

त्या संध्याकाळी तिने मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. रविवारी सकाळी सव्वीस माणसं आली. शिकारीच्या दिवसांत मोकळ्या रानात भडक नारिंगी रंग अंगावर हवा, नाहीतर गोळी लागायची. आमच्याकडे तसली जाकिटं कुठली? शिवांगी आमच्या ढोल पथकाची प्रमुख. तिने पथकाचे सगळे भगवे फेटे आणले. लोकरीच्या टोप्यांवर फेटे बांधून आम्ही कामाला लागलो. शिवांगी दोरीने पन्नास फूट मोजायची, मी खूण करायचो, नंदू घण घालायचा आणि दर दहा काठ्यांनी विचारायचा, "वहिनी, फराळ कधी?" पथकात ढोल वाजवणारी अनिका आणि तिच्या मैत्रिणी मात्र एक शब्द न बोलता दुप्पट काम करत होत्या. ऊन होतं, तरी हात बधिर व्हायचे. वरचा इंचभर थर गोठलेला होता, खालची माती अजून मऊ.

दुपारी दोनला एकशे बारावी काठी आत गेली. बांधाच्या कडेने सरळ रेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

हॉल्वरसन सकाळपासून ट्रॅक्टरवर बसून बघत होते. ते उतरले, ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेले, एक काठी हलवून पाहिली. ती हलली नाही. परत येऊन म्हणाले, "वाईट नाही." इथे राहून मला एवढं कळलं आहे की या लोकांकडे याहून मोठी शाबासकी नसते. त्यांनी पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली. मग नंदूच्या डोक्याकडे बोट दाखवून, ते कसं बांधतात, असं विचारलं. शिवांगीने त्यांनाही फेटा बांधला. ते तसेच चिवडा खात उभे राहिले.

कागद तेरा तारखेला पोचले. काउंटीचा माणूस वाट बघून गेला आणि अनुदान मंजूर झालं. डिसेंबरात अकरा इंच बर्फ पडला. त्या शनिवारी क्लबने पहिली फेरी मृणालिनीला दिली. तिने ते अवजड यंत्र हॉल्वरसनांच्या बांधाने नेलं, काठ्यांच्या आत एक फूटही न जाता. तिच्यामागे बर्फाची रुंद, गुळगुळीत वाट उलगडत गेली आणि त्या वाटेवरून चाळीस गाड्या एकामागून एक निघाल्या. एकतीस मैल, कुठेही न तुटता.